विषुववृत्तावरचा उलटसुलट वारा (क्यूबीओ) आणि कोकणातली थंडी, मोहोराशी खरंच संबंध आहे का?

राजापूरचा_बागवाला

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत, थोडी आजोबांच्या वेळची आणि थोडी नंतर लावलेली. आमच्या बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय आणि त्यावरून रोज वाद चाललेत म्हणून इथे विचारतोय. मेसेजमध्ये असं लिहिलंय की विषुववृत्तावर खूप उंचीवर एक वारा असतो, तो दर दोन वर्षांनी दिशा बदलतो, त्याला क्यूबीओ म्हणतात, आणि तो पूर्वेचा झाला की उत्तर ध्रुवावरची थंडी मोकळी सुटते, मग त्या वर्षी कोकणात कडाक्याची थंडी पडून मोहोर भरघोस येतो, आणि पश्चिमेचा झाला की मोहोर मार खातो. पुढे असंही आहे की हापूस वर्षाआड धरतो त्याचं कारण हाच वारा.

वाचताना पटतं हो, कारण दोन वर्षं आणि वर्षाआड हे जुळतंच. पण आमच्याकडे दोघातिघांनी या मेसेजच्या भरवशावर बाग खंडाने द्यायचं चालवलंय, यंदा वारा वाईट आहे तर मिळेल त्या पैशात देऊन मोकळे होऊ म्हणतात, आणि मला ते बघवत नाही, वर्षाची कमाई आहे ती. तर ज्यांना हवामानातलं कळतं त्यांनी सांगा की असा वारा असतो का, दोन वर्षांचं गणित खरं का, आणि एवढ्या वरच्या वाऱ्याचा आपल्या थंडीशी काय संबंध. लांब लिहिलंत तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे आणि ग्रुपवर पण टाकणार आहे.

हवामानवेडी

दादा, वारा खरा आहे, त्यात काही शंका नको. माझ्या अत्यंत आवडीचा विषय आहे त्यामुळे लांबण लागणार.

आपले ढग, पाऊस, वादळं हे सगळं खालच्या थरात चालतं, विषुववृत्ताजवळ हा थर १६-१७ किलोमीटरपर्यंत जातो. त्याच्या वर स्ट्रॅटोस्फिअर सुरू होतं ते साधारण ५० किलोमीटरपर्यंत. प्रवासी विमानं १०-१२ किलोमीटरवरून उडतात, म्हणजे हा वारा त्यांच्याही खूप वर आहे. तिथे विषुववृत्ताच्या पट्ट्यात पृथ्वीभोवती सगळीकडे एकाच दिशेने वारा वाहतो, वर्षभर किंवा थोडं जास्त पूर्वेकडून, मग उलटतो आणि पश्चिमेकडून. पूर्वेचा जास्त जोरदार, ताशी १०० किलोमीटरच्या आसपास जातो, पश्चिमेचा त्यामानाने कमी. आणि गंमत अशी की तो सगळीकडे एकदम उलटत नाही, आधी वर ३५-४० किलोमीटरवर नवीन दिशा येते आणि मग ती महिन्याला साधारण एक किलोमीटर या वेगाने खाली खाली उतरते, म्हणजे एकाच वेळी वर पूर्वेचा आणि खाली पश्चिमेचा असं दुमजली चित्र असतं.

आता दोन वर्षांचं. पूर्ण फेरा सरासरी २८ महिन्यांचा आहे. कधी २२ महिन्यांत उरकतो, कधी तीन वर्षांच्या जवळ जातो. तुमच्या मेसेजमध्ये सरळ दोन वर्षं लिहिलंय तिथेच पहिली गडबड आहे.

याचा शोध कसा लागला ते पण मस्त आहे. १८८३ च्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियात क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला, त्याची राख इतकी वर गेली की ती पूर्वेकडून पश्चिमेकडे जात साधारण दोन आठवड्यांत पृथ्वीला फेरी मारून आली, आणि लोक म्हणाले विषुववृत्तावर वरती कायम पूर्वेचा वारा असतो. मग १९०८ मध्ये बेर्सन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराच्या भागात बलून सोडले तर त्याला वरती पश्चिमेचा वारा सापडला! दोन्ही निरीक्षणं बरोबर होती, पण पुढची पन्नासेक वर्षं कोणाला मेळ लागेना, दोन वेगवेगळे वारे आहेत असंच धरून चालले होते. १९५० च्या दशकात रोज नियमित बलून सुटायला लागले तेव्हा १९६०-६१ च्या सुमारास अमेरिकेत रीड आणि इंग्लंडमध्ये एब्डन या दोघांनी वेगवेगळं दाखवलं की अरे हा एकच वारा आहे, उलटतोय. आपल्याकडेही केरळात थुंब्याहून १९७० पासून एम-१०० नावाची रशियन रॉकेटं सोडून वरचे वारे मोजत होते, भारतीय शास्त्रज्ञांनी त्यावर बरंच काम केलंय.

उलटतो का, तर विषुववृत्ताजवळची प्रचंड गडगडाटी ढगांची राशी खालची हवा सतत ढवळते, त्यातून हवेत लाटा उठतात आणि वर जातात, काही पूर्वेकडे सरकणाऱ्या, काही पश्चिमेकडे. वरती वारा ज्या दिशेने वाहतोय त्याच दिशेच्या लाटा त्या वाऱ्यात अडकून विरतात आणि आपला जोर त्यालाच देतात, म्हणून तो थर खाली खाली सरकतो. उलट दिशेच्या लाटा मात्र त्यातून पार होऊन आणखी वर जातात आणि तिथे उलटा वारा तयार करायला लागतात. लिंडझेन आणि होल्टन यांनी १९६८ मध्ये हे मांडलं, पुढे १९७२ मध्ये नीट केलं. आणि १९७८ मध्ये प्लम्ब आणि मॅकइवन यांनी प्रयोगशाळेत गोल कड्यासारख्या टाकीत खारट पाण्याचे थर करून रबरी पडदा नुसता मागेपुढे हलवला, तर पाणी आधी एका दिशेने फिरायला लागलं आणि थोड्या वेळाने आपोआप उलटं! बाहेरून कोणी दिशा बदलली नव्हती. मला तर हा प्रयोग वाचला तेव्हा झोप लागली नव्हती.

थंडीचं रात्री लिहिते, आत्ता कामावर आहे.

दापोलीचा_कृषीवाला

तोपर्यंत वर्षाआडचं मी सांगतो कारण तो माझा विषय आहे.

हापूस एका वर्षी भरपूर आणि दुसऱ्या वर्षी कमी धरतो याचं कारण झाडाच्या आत आहे. भरपूर फळ लागलं की झाडाने साठवलेलं अन्न त्यात संपतं, फळ उतरल्यावर नवीन पालवी उशिरा येते किंवा येतच नाही, आणि जी काडी जून झालेली नाही ती थंडी पडली तरी मोहोर देत नाही. त्यात भर म्हणजे जिबरेलिन हे संजीवक, ते जास्त असलं की काडी मोहोराऐवजी पालवीकडे वळते. पावसाळ्यात आपण मुळाशी पॅक्लोब्युट्राझोल देतो, म्हणजे ज्याला सगळे कल्टार म्हणतात ते, ते नेमकं हे जिबरेलिन बनणंच रोखतं. वारा कारण असता तर मुळाशी औषध ओतून मोहोर आला नसता.

आणखी एक बघा, तुमच्याच बागेत बघा. एक कलम यंदा लगडलेलं असतं आणि बांधापलीकडचं रिकामं, कधी तर एकाच झाडाची अर्धी बाजू मोहोरते आणि उरलेली पुढच्या वर्षी. वरचा वारा तर दोघांच्या डोक्यावर सारखाच ना? आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना काढली, ती त्याच मातीत, त्याच हवेत दरवर्षी धरते. नीलम पण तशीच.

आणि वर ताईंनी २८ महिने म्हटलंय ते घेऊन साधा हिशोब करा. वर्षाआड म्हणजे २४ महिन्यांचा फेरा. आज दोन्ही जुळलेत असं धरलं तरी प्रत्येक फेऱ्याला ४ महिने मागेपुढे होणार. ७ वर्षांत म्हणजे ८४ महिन्यांत वाऱ्याचे ३ फेरे होतात आणि झाडाचे साडेतीन, म्हणजे दोघं बरोबर उलटे झाले. जो वारा आज भरघोस मोहोर आणतो असं म्हणताय तोच सात वर्षांनी रिकाम्या वर्षाला येणार. जुळत नाही हो, मुळातच जुळत नाही.

हर्णै_बंदर

मी बागवाला नाही, आमचा धंदा मासेमारीचा, पण पूर्वेचा वारा म्हटल्यावर लक्ष गेलं. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई सुटते, ती पूर्वेचीच असते, आणि मतलई चांगली सुटली की गारठा असतोच हे आमच्याकडे लहान पोर पण सांगेल. मग हा तोच वारा का? की त्या वरच्या पूर्वेच्या वाऱ्यामुळे मतलई जोरात सुटते?

हवामानवेडी

@हर्णै_बंदर, काका, बरं झालं विचारलंत, कारण त्या मेसेजमुळे हीच गल्लत होणार बऱ्याच लोकांची. मतलई अगदी खालची आहे, जमिनीपासून काही शे मीटर, रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते म्हणून घाटाकडची गार जड हवा उतारावरून समुद्राकडे वाहते, आणि सकाळी ऊन चढलं की संपली, मग दुपारी खारा वारा. तो दुसरा वारा २० ते ३० किलोमीटर वर आणि महिनोन् महिने एकाच दिशेने. दिशा एक म्हणून नातं नाही. पण तुमचं निरीक्षण बरोबर आहे, मतलई चांगली तेव्हाच सुटते जेव्हा आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते, आणि गारठ्याला पण तेच लागतं.

आता दादांचा मूळ प्रश्न, थंडी. मेसेजमधला ध्रुवाचा भाग हवेतून काढलेला नाहीये, त्याच्यामागे खरं संशोधन आहे, फक्त ते कोकणापर्यंत ताणून आणलंय.

हिवाळ्यात उत्तर ध्रुवावर स्ट्रॅटोस्फिअरमध्ये थंडगार हवेचा एक मोठा भोवरा फिरत असतो, पोलर व्होर्टेक्स. खालून, म्हणजे हिमालय, रॉकी पर्वत आणि जमीन-समुद्राच्या तापमानातल्या फरकामुळे मोठमोठ्या लाटा वर जातात आणि त्या भोवऱ्याला धक्के देतात. या लाटांना वर सरकायला पश्चिमेचा वारा लागतो, पूर्वेच्या वाऱ्यात त्या शिरू शकत नाहीत. म्हणजे विषुववृत्तावर पूर्वेचा वारा असला की तो बंदराच्या धक्क्यासारखा आडवा उभा राहतो, लाटांना दक्षिणेकडे पसरायला जागा उरत नाही आणि त्यांचा जोर ध्रुवाकडे वळतो, भोवरा कमजोर होतो. पश्चिमेचा असला तर लाटा विषुववृत्तापर्यंत पसरतात आणि भोवरा शाबूत राहतो. होल्टन आणि तान यांनी १९८० मध्ये हे आकड्यांतून दाखवलं.

भोवरा फारच बिघडला तर ध्रुवावर ३० किलोमीटरवर काही दिवसांत तापमान ३०-५० अंशांनी वाढतं (हो, वाढतं, आणि वारा उलटतो), याला सडन स्ट्रॅटोस्फेरिक वॉर्मिंग म्हणतात, १९५२ मध्ये बर्लिनमध्ये शेरहागने पहिल्यांदा पाहिलं. दहा वर्षांत सरासरी सहा वेळा होतं. त्यानंतरच्या काही आठवड्यांत युरोप, उत्तर आशिया, अमेरिकेचा पूर्व भाग इथे कडाक्याच्या थंडीची शक्यता वाढते. फेब्रुवारी २०१८ मध्ये असं झालं आणि महिनाअखेरीला ब्रिटन बर्फात गाडलं गेलं होतं.

पण बघा, मी सगळीकडे ‘शक्यता’ म्हणतेय. जानेवारी २००९ मधलं वॉर्मिंग फार जबरदस्त होतं आणि ते पश्चिमेचा वारा असताना झालं! म्हणजे तिकडे युरोपातसुद्धा नुसता हा वारा बघून हिवाळा सांगता येत नाही. एल निनो, ला निना, सूर्याचं चक्र, सगळं त्यात मिसळलेलं असतं.

आणि आपल्याकडे तर साखळी आणखी लांब होते. कोकणात थंडी कधी पडते? उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी पावसा-बर्फाची वादळी हवा) जातो, काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतं, तो पुढे सरकला की मागून उत्तरेची कोरडी हवा राजस्थान-गुजरात-मध्य प्रदेशावरून खाली उतरते, आकाश स्वच्छ होतं आणि मग रात्री पारा घसरतो. भारतीय अभ्यासकांनी दाखवलंय की अटलांटिकवरच्या हवेच्या दाबाचं एक चक्र आहे, एनएओ, ते पॉझिटिव्ह असताना उत्तर भारतात हे विक्षोभ जास्त जोरात येतात. आणि एनएओ पॉझिटिव्ह राहण्याची शक्यता भोवरा *मजबूत* असताना जास्त असते. म्हणजे त्या मेसेजचा जो सरळ हिशोब आहे, पूर्वेचा वारा मग भोवरा तुटला मग कोकणात थंडी, तो या बाजूने बघितला तर चक्क उलटा पडतो. मी असंही म्हणत नाही की उलटा हिशोब धरा, एवढंच म्हणते की एकेका पायरीवर थोडं थोडं ‘कदाचित’ आहे, आणि राजापूरला पोचेपर्यंत त्या वाऱ्याचा हातभार इतका पातळ होतो की त्यावर बाग खंडाने देणं म्हणजे अन्याय आहे, स्वतःवरच.

वेंगुर्ल्याचो

वाचून बरा वाटला. माका येक सांगा, आमच्याकडे थंडीपेक्षा ढगांचोच तरास जास्त. मोहोर फुललेलो आसता आणि मधीच मळभ येता, पाऊस पडता, तुडतुडो वाढता आणि सगळो मोहोर काळो पडता. ह्या अवकाळीचो त्या वरच्या वाऱ्याशी काय संबंध आसा काय?

हवामानवेडी

@वेंगुर्ल्याचो, हा प्रश्न थंडीपेक्षा जास्त योग्य जागी लागलाय! कारण विषुववृत्ताच्या जवळचा एक रस्ता आहे जो ध्रुवावरून जातच नाही.

एमजेओ म्हणून ढगांचा एक मोठा पट्टा असतो, तो हिंदी महासागरातून सुरू होऊन पूर्वेकडे सरकत पॅसिफिकमध्ये जातो, ३० ते ६० दिवसांनी परत नवा येतो. तो हिंदी महासागरावर असला की आपल्या दोन्ही बाजूंच्या समुद्रात ढग, कमी दाब, वादळं व्हायला अनुकूल हवा होते. आणि २०१६ च्या सुमारास असं लक्षात आलं की डिसेंबर ते फेब्रुवारीत वरचा वारा पूर्वेचा असेल तेव्हा हा एमजेओ जास्त जोरदार असतो आणि त्याचा अंदाजही जास्त दिवस आधी देता येतो. कारण असं समजतात की पूर्वेच्या टप्प्यात ढगांच्या माथ्यावरची हवा, १६-१७ किलोमीटरवरची, थोडी जास्त थंड होते, त्यामुळे उंच ढगांना आणखी वाढायला वाव मिळतो. पण गंमत म्हणजे हवामानाच्या कॉम्प्युटर मॉडेलांना हा संबंध अजून नीट दाखवता येत नाही, म्हणजे कारण पूर्ण कळलेलं नाही. यावर आपल्याकडे, अगदी पुण्यातसुद्धा, काम व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तरी एखाद्या विशिष्ट अवकाळीचं खापर त्या वाऱ्यावर फोडता येत नाही. डिसेंबर २०१७ ला ओखी चक्रीवादळ आलं तेव्हा किंवा १ डिसेंबर २०२१ ला भर थंडीत मुंबईपासून कोकणभर पाऊस झाला तेव्हा अरबी समुद्रात काय चाललं होतं हेच मुख्य.

दापोलीचा_कृषीवाला

बागवाल्यांसाठी एक जोडतो कारण मेसेजमधलं ‘कडाक्याची थंडी म्हणजे भरघोस मोहोर’ हे पण अर्धंच आहे. मोहोर फुटायला काडी जून असावी लागते आणि रात्री १५-१६ अंशांच्या आसपास सलग काही दिवस जाव्या लागतात, बरोबर. पण एकदा फळं वाटाणा-सुपारीएवढी झाली आणि मग जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा कडक थंडी आली तर त्याच झाडाला परत मोहोर येतो, झाड नव्या मोहोराला अन्न देतं आणि आधीची फळं गळतात. पुनर्मोहोराने किती पेट्या गेल्यात ते देवगड-रत्नागिरीच्या लोकांना विचारा. म्हणजे थंडी किती यापेक्षा कधी हे जास्त महत्त्वाचं, आणि ‘कधी’ हे २८ महिन्यांच्या वाऱ्यातून कोणालाही सांगता येणार नाही.

शिवाय एकाच तालुक्यात किती फरक! समुद्राला लागून असलेल्या सड्यावर आणि आत घाटाच्या पायथ्याशी खोलगट जागेत एकाच रात्री तीन-चार अंशांचा फरक पडू शकतो. बागेत झाडाच्या सावलीत एक साधा किमान-कमाल थर्मामीटर लावा आणि हवामान खात्याचा पाच दिवसांचा जिल्ह्याचा अंदाज आणि कृषी सल्ला बघत जा. मळभ किंवा पाऊस दिसला की फवारणी त्याप्रमाणे मागेपुढे. एवढं केलंत तरी त्या मेसेजपेक्षा कितीतरी जास्त हातात येईल.

राजापूरचा_बागवाला

ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. ते सात वर्षांत उलटं होण्याचं गणित मी ग्रुपवर टाकलं आणि रत्नाचं पण, त्याच्यावर कोणाला उत्तर देता आलं नाही. एकाने निदान पालवी जून होऊन मोहोर किती येतो ते दिसेपर्यंत खंडाचं बोलणं थांबवलंय. दुसरा अजून ऐकत नाही, म्हणतो हा वारा घड्याळासारखा चालतो, शास्त्रज्ञच म्हणतात. तर शेवटचं विचारतो, हा वारा कधी चुकलाय का? आणि आत्ता कुठल्या दिशेचा आहे ते आपल्याला बघता येतं का?

हवामानवेडी

चुकलाय, आणि तेव्हा जगभरचे अभ्यासक हादरले होते. १९५३ पासूनच्या सलग नोंदींमध्ये कधी न झालेली गोष्ट फेब्रुवारी २०१६ मध्ये झाली. पश्चिमेचा वारा नेहमीसारखा खाली उतरत होता आणि मधेच, साधारण २२ किलोमीटरवर, त्याच्या पोटात पूर्वेचा वारा उगवला. नेहमी नवीन दिशा वरून उतरते, ही मधूनच आली. उत्तरेकडच्या लाटा विषुववृत्तापर्यंत घुसल्या आणि त्यांनी ते केलं असं नंतर समजलं. कुठल्याही अंदाजात ते आधी आलं नव्हतं. आणि २०१९-२० च्या हिवाळ्यात तसंच परत झालं. तुमच्या मित्राला हे दोन हिवाळे सांगा.

बघायचं असेल तर सोपं आहे. सिंगापूरहून रोज जे बलून सुटतात त्यांच्या नोंदी यासाठी जगभर वापरतात, आणि अमेरिकेची नोआ संस्था दर महिन्याला ३० आणि ५० हेक्टोपास्कल या दोन पातळ्यांचे आकडे फुकट टाकते, म्हणजे साधारण २४ आणि २० किलोमीटर उंची. अधिक चिन्ह असेल तर पश्चिमेचा वारा, उणे असेल तर पूर्वेचा. दोन्ही पातळ्यांवर वेगवेगळं चिन्ह दिसलं तर घाबरू नका, तो खाली उतरताना मधल्या टप्प्यात आहे एवढंच. मी दर महिन्याला बघते, हवं तर इथेच त्या महिन्याचा आकडा टाकत जाईन, आणि तुम्ही तुमच्या बागेतलं रात्रीचं तापमान टाका.